मांजरी का भांडल्या ते मला माहीत होतं

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोला तर नाहीच नाही. मागल्या वर्षी ऑपरेशनसाठी गोंदियाला भरती झालो होतो. भूल देणारा डॉक्टर म्हणाला, "अंकल, उलटी गिनती बोलो" — आणि मला ऑपरेशनची नाही, वेगळीच भीती वाटली. शुद्ध हरपता हरपता तोंडातून हेच निघून गेलं तर? सुमन, माझी बायको, बाहेर बाकड्यावर बसलेली. मी ओठ घट्ट मिटून घेतले. डॉक्टर म्हणे, "बोलिए ना!" मी बोललोच नाही. शेवटी कंटाळून त्यांनी मला तसंच झोपवलं.

तुम्ही म्हणाल, असं केलंस तरी काय बाबा? खून? दरोडा? नाही हो. दोन मांजरींचं भांडण. हसा, खुशाल हसा. मीसुद्धा सात वर्षं त्याला मांजरींचं भांडणच म्हणत आलो आहे. तसं म्हटलं की मला जरा बरं वाटतं.

आधी मी कोण ते सांगतो. तीस-बत्तीस वर्षं जनावरांच्या सरकारी दवाखान्यात नोकरी केली. कागदावर पशुधन पर्यवेक्षक, गावात डाक्टर. कामठ्याच्या आसपासची एक म्हैस अशी नसेल जिच्या मागे मी उभा राहिलो नाही. लाथा खाल्ल्या, शिंगं खाल्ली, शेणानं न्हालो. आणि त्या बळावर मला असं वाटू लागलं की जनावर म्हणजे जनावर — चार पाय असले की मला कळलं. आता हा अहंकार म्हणा की अडाणीपणा म्हणा. दोन्ही होतं, दुसरं काय?

घरात दोन मांजरी. एकाच आईच्या, एकाच वेळच्या, सख्ख्या बहिणी. धानाच्या ढोलीला उंदीर लागले म्हणून सुमननं आणल्या. नावं मी ठेवली. काळी होती ती मुऱ्हा, म्हशीच्या जातीवरून; तांबूस ठिपक्यांची ती जर्सी, गाईच्या जातीवरून. माणसाला जे येतं तेच तो करतो. दोघींनी उंदीर किती मारले देव जाणे, पण एकमेकींच्या गळ्यात पाय टाकून झोपण्यात त्यांचा हात कोणी धरला नसता. एक उठली की दुसरी उठायची, एकीनं जांभई दिली की दुसरी द्यायची. सुमन म्हणायची, "बहिनी कशा राहाव्या, त ह्यायच्याकडून शिकावं."

आणि सुमनचा घरात एक कायदा होता. तिच्या जनावरांना मी हात लावायचा नाही. या कायद्याला कारण होतं एक शेळी. शेळी तिची, लाडकी, आणि औषध माझं. औषध दिल्यावर शेळी दोन दिवसांत गेली. औषधानं गेली की आपल्या मरणानं गेली यावर माझं एक मत आहे, पण ते ऐकायला घरात कोणी नव्हतं. सुमन शेळीसमोर उभी राहून म्हणाली, "आजपासून माह्या कोन्या जनावराले तुमी सुई लावसान, त मी तुमच्या ताटात वाढनार नाई." मी शेळीवर हात ठेवून कबूल केलं. मेलेल्या शेळीवर हात ठेवून शपथ घेणारा सरकारी कर्मचारी या जिल्ह्यात दुसरा झाला नसेल.

आता यायचं ते माणूस येऊ द्या. शकुनबाई. सुमनची थोरली बहीण. बायकोच्या थोरल्या बहिणीला आमच्याकडे आकडसासू म्हणतात — म्हणजे जावयाला एक सासू कमी पडते असं समाजाला वाटलं असावं. शकुनबाई तिकडे देवरीकडची, जंगलाला लागून गाव. दरवर्षी दिवाळी झाली की आमच्या गावची मंडई असते, म्हणजे जत्राच. दुकानं, पाळणे, रात्री दंडारीचा खेळ, घरोघरी पाहुणे. मंडईचं आवतन बहिणीला गेलं नाही तर वर्ष सुनं गेलं, असं इकडे मानतात. त्यामुळे शकुनबाई भाऊबीज संपली की एसटीतून उतरायची. एका हातात चारोळीची पुरचुंडी, दुसऱ्या हातात थैली, आणि तोंडात माझ्यासाठी काहीतरी तयार.

"काय जी जवाईबापू, रिटायर झाले त पोट काऊन पुढं आलं? सरकारनं पेन्शन पोटातच देल्ली का?"

हे उंबऱ्यावर. अजून पाणीही प्यालेली नसायची.

मला ती आवडत नव्हती का? खरं सांगायचं ठरवलंय तर सांगतो — मला तिचा धाक वाटायचा. उंच, खणखणीत आवाजाची, हसली की छपरीचे पत्रे हलावेत अशी. आठ-दहा दिवस राहायची. तेवढे दिवस माझी खाट तिची, टीव्ही तिचा, आणि मटणातली कलेजी — ती कलेजी, जी वर्षभर मला मिळायची — ती सुमन वेचून वेचून बहिणीच्या ताटात टाकायची. साठीच्या माणसानं कलेजीसाठी मनात आकस धरावा का? धरू नये. मी धरला होता.

पण त्या दोघी बहिणी... त्यांना बघायला हवं होतं. सुमन एरवी कमी बोलणारी. शकुनबाई आली की स्वयंपाकघरातून जे सुरू व्हायचं, ते थांबायचं नाव नाही. आई लहानपणी गेली, शकुनबाईनं सुमनला कडेवर वागवून मोठं केलं. ती आली की सुमनची वेणी त्या वयातही तीच घालायची. पंचावन्न वर्षांची बाई बहिणीच्या पुढ्यात पाठ करून बसायची आणि ती तेल चोपडायची. हे मी रोज पाहत होतो. पुढचं ऐकताना हे ध्यानात असू द्या.

त्या वर्षी मंडईला घर भरलं होतं. पंगत बसलेली. मुऱ्हा माझ्या मागे बसून मागच्या पायानं कान खाजवत होती. दोन-तीन दिवसांपासून तिचं ते चाललेलं. शकुनबाईनं घास थांबवला.

"अवं सुमन, घरात डाक्टर नि मांजर कान खाजवू खाजवू मरून राहिली. जवाईबापू, तुमची डाक्टरी नुसती म्हशीच्या मागूनच चालते का जी?"

अख्खी पंगत हसली. शेजारचा पांडूभाऊ तर इतका हसला की त्याला ठसका लागला आणि मीच त्याच्या पाठीवर थापट्या मारल्या. मी पण हसलो. दात दाखवले. पण आत... तीस-बत्तीस वर्षांची नोकरी हो! लोकांसमोर! आणि सगळ्यांत जास्त कोण हसलं? सुमन.

दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, हयातीचा दाखला द्यायला बँकेत जाऊन येतो. पेन्शनवाल्याला नोव्हेंबरात ही एक सोय असते — जिवंत आहोत हे सिद्ध करायला निघालो म्हटलं की कोणी अडवत नाही. आणि मागच्या दारानं, सांदवाडीतल्या केळीमागून, मुऱ्हाला थैलीत घातलं. कापडी थैली, तोंड तेवढं बाहेर. स्कूटरच्या पुढ्यात ठेवली आणि थेट गोंदिया.

गावच्या दवाखान्यात का नाही गेलो? गेलो असतो तर मी पोचायच्या आत बातमी सुमनकडे पोचली असती. गोंदियाला एक नवी डॉक्टरीण बसते, कुत्र्या-मांजरांचीच. माझ्या मुलीपेक्षा लहान. आमच्या आधी एका राईस मिलवाल्याचा गलेलठ्ठ कुत्रा त्याच टेबलावर पसरला होता. त्याच्याच गरम जागेवर मुऱ्हाला ठेवलं. डॉक्टरणीनं कान साफ केला, औषध सोडलं, कसलासा फवारा मारला, आणि मी काही म्हणायच्या आत सुई टोचली. झालं. शपथ मोडली. त्या मेलेल्या शेळीची मान माझ्या डोळ्यांसमोर आली.

निघताना ती मुलगी म्हणाली, "अंकल, घर में दूसरी बिल्ली है क्या?"

"है ना. इसकी बहन."

"तो एक दिन इसको अलग रखना. अस्पताल की स्मेल आती है ना, दूसरी वाली पहचानती नहीं. झगड़ा करेगी."

मी हसलो. मला सांगते! अहो, मी हजारो ढोरांना सुया दिल्या. गाय दवाखान्यातून घरी गेली म्हणून गोठ्यातल्या गाईंनी कधी तिला वाळीत टाकलं? बाजारातून नवा बैल आणा, दोन दिवस शिंगं लावतील, तिसऱ्या दिवशी एका गव्हाणीत तोंड घालतील. मी म्हटलं, "मालूम है, बेटा, मालूम है." काय मालूम होतं मला? म्हैस मालूम होती.

घरी आलो. सांदवाडीत थैली उघडली. मुऱ्हा अंग झटकत ऐटीत स्वयंपाकघराकडे निघाली. मी मागोमाग, चेहऱ्यावर बँकेतून आलेल्या माणसाचा कंटाळा आणून.

आत सुवाऱ्या, म्हणजे पुऱ्या, तळणं चाललेलं. सुमन कढईपाशी, शकुनबाई खाली बसून लाटत होती, आणि जर्सी तिच्या पदराच्या टोकावर झोपलेली. हे नीट लक्षात घ्या. शकुनबाईच्या पदरावर. चार दिवसांपासून तिची तीच जागा होती. मुऱ्हा गेली, नेहमीसारखं नाक पुढे केलं. जर्सीनं एकदा हुंगलं. दुसऱ्यांदा हुंगलं. मग तिची शेपूट बाटली धुवायच्या ब्रशासारखी फुगली आणि तिच्या घशातून जो आवाज आला तो मी कोणत्याही चार पायांच्या प्राण्यातून ऐकला नव्हता.

पुढचं किती वेळ चाललं कोणास ठाऊक. मला दिसलं ते एवढंच — तांबडं-काळं काहीतरी गोल गोल फिरत परातीत गेलं, परातीतून पिठात, पिठातून शकुनबाईच्या मांडीवर. लाटलेल्या सुवाऱ्या चारी दिशांना उडाल्या. एक माझ्या चष्म्यावर येऊन चिकटली. सुमन झारा घेऊन ओरडत होती. शकुनबाई, जी जंगलात अस्वलाला शिव्या देऊन पळवते असं तिचा नवरा सांगतो, ती पाय वर घेऊन "अगा माय माय" करत होती. तिच्या पोटरीवर तीन लाल रेघा उठल्या. शेवटी मुऱ्हा फ्रिजमागे शिरली, जर्सी ढोलीच्या टोकावर चढली, आणि पिठानं पांढऱ्या झालेल्या त्या दोन बहिणी एकमेकींकडे बघून गुरगुरत राहिल्या.

तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं ना? सुई, दवाखाना, फवारा — तीन शब्द. सुमन चिडली असती. दोन दिवस ताटात वाढलं नसतं. दोन दिवस उपाशी राहून कोणी मरतो का? पण चष्म्यावर सुवारी चिकटलेली असताना माणसाला खरं बोलायचं सुचत नाही हो. मी सुवारी काढली आणि गप्प बसलो.

संध्याकाळी छपरीत सभा भरली. भांडण थांबलं नव्हतं. मुऱ्हा बाहेर डोकावली की जर्सी वरून झेप घ्यायची. पांडूभाऊचं मत पडलं, मांजर पिसाळलं. कोणी म्हणालं नजर लागली, मंडईत कोण कोण येते सांगता येत नाही. सुमन रडकुंडीला आलेली. मग सगळे माझ्याकडे वळले. साहजिक आहे, मी डाक्टर.

"अजी, सांगा ना," सुमन म्हणाली. "असं काऊन करून राहिल्या ह्या?"

कालच्या पंगतीनंतर पहिल्यांदा कोणी माझ्याकडे इतक्या आदरानं बघत होतं. शकुनबाईसुद्धा. मी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला. आणि म्हणालो — अगदी शब्द न् शब्द आठवतो मला — "वास. मांजर डोळ्यानं नाही, नाकानं ओळखते. घरात परक्या जनावराचा वास आला की असं होते."

यात खोटं काय आहे? सांगा. एक अक्षर खोटं नाही. त्या पोरीनं गोंदियात जे सांगितलं तेच मी छपरीत सांगितलं. तीच माहिती, पण अर्धी.

मग पांडूभाऊची नजर फिरत फिरत गेली ती शकुनबाईच्या लुगड्यावर थांबली. त्यावर भुरे केस होते. देवरीला तिच्याकडे टायगर नावाचा कुत्रा होता, तिच्या पायात पायात असायचा, तिच्या खाटेखाली झोपायचा. मग सुमनची नजर गेली. मग सगळ्यांची.

मी कोणाकडे बोट दाखवलं नाही. मी कोणाकडे बघितलंसुद्धा नाही. मी चष्मा पुसत होतो.

जर्सी चार दिवस तिच्याच पदरावर झोपली होती, टायगरचे केस अंगाखाली घेऊन. त्या वासानं भांडायचं असतं तर पहिल्या दिवशीच भांडली असती. एवढी साधी गोष्ट छपरीत बसलेल्या एकाच माणसाला कळत होती. तोच नेमका चष्मा पुसण्यात गुंतला होता.

तरी तो दिवस निभावला. शकुनबाईनं हसण्यावारी नेलं. दुसरं लुगडं नेसली, पहिलं धुऊन टाकलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मुऱ्हाचं नाक फाटलं, रक्त आलं, आणि ती फ्रिजमागून निघेना. दुधाची वाटी सरकवली तर ती वाटीवरच फिसकारली. सुमनचा त्या काळ्या मांजरीवर जीव. रात्रभर झोप नाही, घरात पाहुणे, हाताला ओरखडे. शकुनबाई फ्रिजपाशी वाकली, मुऱ्हाला चुचकारायला हात पुढे केला, आणि सुमन कडाडली.

"सरक तू, बाई! तुह्या अंगालेच वास येते! तूच घेऊन आली हे घरात!"

पाहुण्यांसमोर.

तुम्हाला हे ऐकायला साधं वाटेल. कुत्र्याचा वास, त्यात काय? पण शकुनबाईचं सासर जंगलातलं. मोहफुलं वेचायची, वाळवायची, विकायची. लग्नानंतर ती पहिल्यांदा माहेरी आली तेव्हा इकडच्या बायकांनी नाकाला पदर लावून थट्टा केली होती — "मोहाचा वास येते वं तुले." तेव्हा त्या बायकांवर धावून कोण गेलं होतं? सुमन. दहा-बारा वर्षांची सुमन, हातात बाहारी, म्हणजे केरसुणी, घेऊन. ही गोष्ट शकुनबाई दर मंडईला सांगायची आणि सुमनच्या डोक्यावरून हात फिरवायची.

त्या सकाळी ती उठून मोरीकडे गेली. तिनं हात धुतले. साबण लावून, कोपरापर्यंत. मग थैली भरली. मंडईहून बहीण नव्या तांदळाशिवाय आणि लुगड्याशिवाय जात नाही. सुमननं आणलेलं लुगडं तिनं घडी न मोडता ढोलीवर ठेवलं. सुमन स्वयंपाकघरात पाठ फिरवून भांडी आपटत होती. तिला वाटलं असेल, बाई दारातून परत येईल. आणि बाईला वाटलं असेल, सुमन दारापर्यंत तरी येईल.

दोघींतलं कोणी आलं नाही. मीच म्हटलं, "चला, बाई, मी सोडून देतो स्टँडवर."

आता इथवर आलो आहे तर... जे सांगायला बसलो ते हेच. सुई नाही, दवाखाना नाही, छपरीतला चष्माही नाही. ते सगळं मी कदाचित हसत हसत कधीतरी सांगूनही टाकलं असतं. सांगता आलं नाही ते यापुढचं.

स्कूटरवर ती माझ्या मागे बसली होती. थैली मांडीवर. एरवी स्कूटरवर बसली की रस्ताभर माझ्या चालवण्याला नावं ठेवायची — "बैल बरा, जवाईबापू, निदान खड्डा पाहून चालते." त्या दिवशी काही नाही. दोन्ही बाजूंना धानाची कापणी चाललेली, ओळखीची माणसं हात करत होती. तळ्याच्या पाळीपाशी आल्यावर ती मागून बोलली. खणखणीत नाही. हळू.

"जवाईबापू, तुमी त डाक्टर आहा. खरं सांगा — माह्या अंगाले येते का वास?"

स्कूटर जुनी होती. आवाज करायची. पण इतका नाही.

मी उत्तर दिलं नाही. ऐकलंच नाही असं केलं. मान थोडी पुढे काढली, जणू रस्त्यात काही आहे, आणि मी रेस वाढवली. इंजिनाचा आवाज मोठा व्हावा म्हणून. तिला वाटावं, ऐकू गेलं नाही म्हणून.

तिनं पुन्हा विचारलं नाही. मात्र थोड्या वेळानं मला जाणवलं, ती सीटवर मागे सरकली होती. माझ्या पाठीला तिचं लुगडंही लागू नये, इतकी मागे.

एसटी आली. मी थैली वर दिली. तिनं खिडकी धरली नाही, दुसऱ्या बाजूला जाऊन बसली.

आणि घरी येऊन मी काय केलं माहीत आहे? मांजरी बऱ्या केल्या. फार हुशारीनं केल्या. मुऱ्हाला ढोलीच्या खोलीत कोंडलं, जर्सीला स्वयंपाकघरात. एकच जुना दुपट्टा रोज आधी हिच्या अंगावरून फिरवायचा, मग तिच्या. मधल्या बंद दाराच्या अल्याड एक वाटी, पल्याड एक वाटी. दोघी जेवतात आपापल्या बाजूनं, फटीतून एकमेकींचा वास घेत. चार दिवसांनी दार बोटभर उघडलं. आठ दिवसांनी वीतभर. दहा-बारा दिवसांत दोघी एका टोपलीत, गळ्यात पाय टाकून, जणू काही झालंच नव्हतं. नोकरीत असतो तर वरिष्ठांनी पाठ थोपटली असती.

सुमन दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "पाहा. बाई गेली, नि सुधरल्या."

कळलं ना तुम्हाला? माझा उपचारच तिच्या विरुद्धचा पुरावा झाला. आणि मी त्या क्षणी काय म्हणालो? मी विचारलं, जेवायला काय आहे.

पुढल्या वर्षी मंडई आली. आवतन गेलं नाही. सुमन दोन दिवस फोन हातात घेऊन बसायची, ठेवून द्यायची. "तिनं करावं, थोरली आहे," म्हणायची. तिकडे ती म्हणत असेल, "तिनं बोलवावं, घर तिचं आहे." मटण शिजलं. कलेजी माझ्या ताटात आली, सगळी. खाल्ली का? खाल्ली. गोड लागली का, ते विचारू नका. लागली.

सात मंडया झाल्या. मयतीला, बारशाला फोन होतात. मंडईच्या दिवसांतही आता सुमन आपली वेणी स्वतःच घालते, नीट जमत नाही, मागून वाकडी होते. मी मागेच बसलेला असतो.

मधे आमच्या मुलीचं लग्न झालं. मे महिन्यात, गोंदियाच्या हॉलमध्ये. शकुनबाई आली. भाचीचं लग्न, येणारच. मी दुरून पाहिलं. उंची तीच, पण आवाज नाही. आमच्या रांगेत बसली नाही, पार शेवटच्या खुर्चीवर, भिंतीकडे. सुमन धावत गेली, मिठी मारायला हात पसरले — आणि शकुनबाईनं दोन्ही हात पुढे करून तिला हातभर दूरच धरलं. नुसती बोटं दाबली. जवळून गेलो तर अत्तराचा असा भपकारा, की डोळ्यांत पाणी यावं. मानेवर पावडर, लुगड्यावर पावडर.

"बाई फॅशनेबल झाली," सुमन मला म्हणाली. हसली, पण तिला रडू येत होतं.

तिचा नवरा, माझा साडभाऊ, माझ्या शेजारी जेवायला बसला होता. भोळा माणूस. म्हणाला, "आजकाल कुठी जायचं म्हटलं त दोनदा आंघोळ करते जी. कोनाजवळ बसत नाई. टायगर देऊन टाकला. इतका जीव होता तिचा त्याच्यावर! काऊन, म्हटलं, त सांगत नाई. तुमी डाक्टर, तुमाले काई समजते का?"

मी म्हटलं, वयानं होतं असं.

निघताना ती माझ्यापाशी आली. चार पावलं दूर थांबून हात जोडले. "येतो, जवाईबापू," म्हणाली. मी पोटाबद्दल काही ऐकायला मिळेल म्हणून वाट बघत होतो. काही नाही. लाऊडस्पीकर जोरात चालू होता. पण तिचं मला नीट ऐकू आलं. स्कूटरवरही आलं होतं.

येत नव्हता, बाई. चार दिवस एका घरात होतो आपण. तुमच्या अंगाला कसलाही वास येत नव्हता.